जालन्याची ‘रेंज’ आणि आकाशातले इंटरनेट

पिकाचे नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत त्याची सूचना द्यावी, अशी अट २०२३ आणि २०२४ च्या खरिपात पीकविमा उतरविलेल्या शेतकऱ्यांना होती. सूचना मोबाइलवरील ॲपमधून द्यायची किंवा निःशुल्क क्रमांकावर कळवायची. ते जमले नाही तर बँक किंवा कृषी कार्यालय गाठायचे. कागदावर ही सोय सुटसुटीत होती. पण ज्या पावसाने पीक वाहून जाते, त्याच पावसाने ओढ्याला पूर येऊन रस्ता बंद होतो, वीज जाते आणि काही तासांत मोबाइल मनोऱ्याची बॅटरीही उतरते. त्यानंतर हातातला फोन हे केवळ घड्याळ उरते. विमा योजना पुढे बदलली, परंतु तिने दाखवून दिलेली अडचण जागच्या जागी आहे.

गेल्या काही वर्षांत शासनाचा ग्रामीण कारभार झपाट्याने इंटरनेटवर गेला. सातबारा संगणकीकृत झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून करावी असे ठरले. रास्त भाव दुकानात धान्य मिळण्यापूर्वी यंत्रावर अंगठा उमटवावा लागतो आणि त्या यंत्राला नेटवर्क लागते. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा छायाचित्रे काढून ॲपवर नोंदविणे केंद्राने बंधनकारक केले. शहरात इंटरनेट अडखळले तर चित्रपट थांबतो. खेड्यात अडखळले तर रोजचे धान्य किंवा दिवसाची मजुरी थांबते. जालन्यासारख्या जिल्ह्यात उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या इंटरनेटची चर्चा करावयाची ती या पार्श्वभूमीवर.

अडचण नेमकी कोठे?

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. उत्तरेला भोकरदन व जाफराबाद, मध्यभागी जालना व बदनापूर, दक्षिणेला गोदावरीच्या अंगाला अंबड, घनसावंगी व परतूर आणि पूर्वेला मंठा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार असून त्यातील सुमारे ८१ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. गावांची संख्या नऊशेहून अधिक, ग्रामपंचायती साडेसातशेच्या वर. उत्तरेकडील अजिंठ्याच्या डोंगररांगांचे उतार सोडले तर प्रदेश बहुतांशी सपाट आहे. गडचिरोलीसारखे घनदाट अरण्य येथे नाही, नंदुरबारसारखे सातपुड्याचे दुर्गम कडेही नाहीत. बियाणे उद्योगासाठी आणि लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी जालना शहर देशभर ओळखले जाते. मग येथे इंटरनेटचा प्रश्न यावाच का?

याचे उत्तर ‘मनोरा नाही’ एवढ्यापुरते नाही. फोनवर चार कांड्या दिसतात, तरीही पान उघडत नाही, हा अनुभव मराठवाड्यातील खेड्यांत सर्रास येतो. फोनवरच्या कांड्या सांगतात ती फक्त फोन आणि मनोरा यांच्यामधील स्थिती. मनोऱ्यापासून पुढे मुख्य जाळ्यापर्यंत माहिती वाहून नेणारा रस्ता वेगळा असतो. तो कोठे ऑप्टिकल फायबरचा, तर कोठे एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर सूक्ष्मलहरींनी उड्या मारीत जाणारा. हा रस्ता अरुंद असला की मनोऱ्याखाली उभे राहूनही इंटरनेट मिळत नाही. सायंकाळी सारे गाव एकाच वेळी फोन हाती घेते, तेव्हा तर हमखास नाही.

दुसरी गोष्ट फायबरची. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तिचेच पुढे ‘भारतनेट’ झाले. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे हे काम अनेकदा मुदत उलटूनही पुरे झाले नाही, आणि जेथे तार पोहोचली तेथेही ती चालू राहीलच याची शाश्वती नव्हती. मूळ मांडणी माळेसारखी होती: तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली तार एका गावातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या गावात जाई. रस्ता रुंद करताना किंवा जलवाहिनीसाठी खोदताना जेसीबीच्या दातात ती सापडली, की पुढची सारी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात माळेऐवजी कड्यासारखी मांडणी घेण्याचे ठरले ते याच अनुभवामुळे. कडे एके ठिकाणी तुटले तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते. शिवाय ग्रामपंचायतीच्या खोलीतल्या पेटीला वीज हवी, ती खोली उघडी हवी आणि दिवा लाल झाला तर कोणाला कळवावयाचे हे कोणास तरी ठाऊक हवे.

तिसरी अडचण वस्त्यांची. जनगणनेत गाव एक असले तरी माणसे एका ठिकाणी राहत नाहीत. मंठा-परतूरकडचे बंजारा तांडे, मोसंबीच्या बागेत घर बांधून राहणारी कुटुंबे, गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या शेतवस्त्या या कोणत्याही योजनेच्या नकाशावर ‘जोडलेल्या गावात’ मोडतात. प्रत्यक्षात मात्र तेथे तार जात नाही आणि मनोऱ्याची लहर क्षीण होते. जालन्यातील दुर्गमता ही अशी विखुरलेली आहे. ती आकडेवारीत दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर उपाय करण्याची निकडही वरिष्ठ पातळीवर जाणवत नाही.

छत्रीचे शास्त्र

खेड्यात डिश अँटेनाला ‘छत्री’ म्हणतात. दूरचित्रवाणीची छत्री आज बहुतेक गावांतील छपरांवर दिसते, परंतु ती केवळ ऐकते, बोलत नाही. उपग्रहावरून येणारी चित्रे ती पकडते. उलट काही पाठवीत नाही. इंटरनेटच्या छत्रीला दोन्ही कामे करावी लागतात. म्हणून तिच्यात प्रक्षेपक असतो, तिला परवाना लागतो आणि तिची किंमतही अधिक असते.

इंटरनेट देणारे उपग्रह मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला भूस्थिर. विषुववृत्तावर ३५ हजार ७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो आणि म्हणून आकाशात एका जागी खिळल्यासारखा वाटतो. ‘इस्रो’चा जीसॅट-११ हा ५ डिसेंबर २०१८ रोजी फ्रेंच गयानातून सोडलेला, ५ हजार ८५४ किलो वजनाचा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. जालना शहर ७६ अंशांच्या जरासे अलीकडे असल्याने येथील छत्री जवळजवळ थेट दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर रोखावी लागते. एकदा रोखून घट्ट केली की काम संपले. एकच उपग्रह अवघा देश व्यापतो, हे या प्रकाराचे बलस्थान. अंतर हे त्याचे वैगुण्य. विनंती वर जाऊन खाली यावयाची, तिचे उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यावयाचे, अशा चार खेपांत प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद जातो. सातबाऱ्याचा उतारा काढताना किंवा धड्याची चित्रफीत उतरवून घेताना हा विलंब जाणवतही नाही. मात्र दूरस्थ डॉक्टरशी समोरासमोर बोलताना दोघेही एकमेकांचे वाक्य तोडत राहतात, आणि काही संगणक प्रणाली तर उत्तराची वाट पाहून जोडणीच तोडून टाकतात. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून ज्याला शिव्या बसतात, त्यातला काही भाग या विलंबाचाही असू शकतो.

दुसरा प्रकार निम्न कक्षेतील उपग्रहांचा. स्टारलिंकचे उपग्रह साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून, तर भारती समूहाचा सहभाग असलेल्या वनवेबचे १ हजार २०० किलोमीटरवरून फिरतात. अंतर कमी म्हणून विलंबही फायबरच्या जवळपास, म्हणजे सेकंदाच्या काही शतांशांइतकाच. पण इतक्या खालून फिरणारा उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. त्याची जागा घेण्यासाठी दुसरा, मग तिसरा असा शेकडो-हजारो उपग्रहांचा ताफाच अवकाशात ठेवावा लागतो आणि छत्रीला यांत्रिक हालचाल न करता एका उपग्रहावरून दुसऱ्यावर नजर वळवावी लागते. वनवेबचे प्रत्येकी ३६ उपग्रह ‘इस्रो’नेच ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून कक्षेत नेले. छत्रीला मोकळे आकाश मात्र हवे. अंगणातला जुना कडुनिंब भूस्थिर उपग्रहाच्या छत्रीला एखादे वेळी चालून जातो, निम्न कक्षेच्या छत्रीला तो दर काही मिनिटांनी आडवा येतो. या बाबतीत जालन्याच्या उघड्या माळरानांची स्थिती कोकणातील दऱ्यांपेक्षा पुष्कळ बरी.

पावसाचे काय, असा प्रश्न विचारला जातो. या सेवेच्या लहरी अतिशय आखूड लांबीच्या असल्याने पावसाचे थेंब त्या शोषतात हे खरे. परंतु जिल्ह्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तो सातशे मिलिमीटरच्या आसपास. जोडणी तुटेल असा मुसळधार पाऊस वर्षातून मोजके तास असतो. तो ओसरला की जोडणी आपोआप परत येते. गारपिटीचे भय त्याहून मोठे मानावे लागेल. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला झोडपून गेलेल्या गारांनी द्राक्ष आणि मोसंबीच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या. छपरावरच्या यंत्राला त्या सोडणार नाहीत.

नवे वाटते, पण जुने आहे

उपग्रहातून येणारी माहिती महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे परदेशांशी दळणवळणासाठी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले ते १९७१ मध्ये. १९९४ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने आपले व्यवहार ‘व्हीसॅट’ या छोट्या छत्र्यांवरून देशभर नेले. ग्रामीण भागातील कित्येक बँक शाखा आणि एटीएम यांच्या छपरावर आजही अशीच छत्री असते. म्हणजे पैसे काढणाऱ्या शेतकऱ्याने उपग्रहाचा उपयोग वर्षानुवर्षे केलेला आहे. फक्त ते इंटरनेट त्याच्या वापरासाठी नव्हते.

खेड्यांसाठी म्हणून झालेला पहिला मोठा प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या ‘नासा’कडून उसन्या मिळालेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील २ हजार ४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, मात्र प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरला जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस हे अग्रभागी होते. (वयाची शंभरी पूर्ण करून २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.) जेथे वीज नव्हती तेथे संच बॅटरीवर चालविले गेले, आणि नादुरुस्त संच दुरुस्त करणारी माणसे आधीच नेमलेली होती. इतक्या चोख आयोजनानंतरही वर्ष संपताच प्रयोग थांबला, कारण उपग्रह दुसऱ्याचा होता आणि तो परत गेला.

सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी सोडलेल्या ‘एज्युसॅट’ची गत निराळी. उपग्रह आपला होता, पण जमिनीवरची तयारी त्याच्या वेगाने झाली नाही. नियोजन आणि वापर यांतील उणिवांवर महालेखापरीक्षकांनी २०१३ मधील अहवालात बोट ठेवले. तोवर उपग्रह निवृत्तही झाला होता.

वारणेचा अनुभव तर घरचाच. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीतील वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे थाटून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. त्याकाळी त्याचा मोठा गाजावाजा झाला. शेतकऱ्यांना हवामान, बाजारभाव, शेतीसल्ला सारे काही मिळणार होते. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊस आणि साखर कारखान्याच्या नोंदींपुरता होत असल्याचे आढळले. तेवढे काम साध्या मोबाइलवरून एसएमएसने होऊ शकते, हे त्यांनी २००६-०७ च्या सुमारास काही गावांत करून दाखविले. तंत्रज्ञान माघारी गेले आणि काम सुधारले, असे हे दुर्मीळ उदाहरण. छत्री बसविण्याआधी गावाला तिच्यातून काय हवे आहे हे विचारावे, इतका साधा धडा त्यात आहे. पण योजना आखणाऱ्यांना तो फारसा रुचत नाही.

चार जिल्हे, आणि त्यांत नसलेला एक

स्टारलिंकने २०२१ मध्ये भारतात परवान्याविनाच आगाऊ नोंदणी सुरू केली होती. केंद्राने हटकल्यावर तिला ग्राहकांचे पैसे परत करावे लागले. वनवेबला २०२१ मध्ये आणि जिओच्या उपग्रह कंपनीला २०२२ मध्ये परवाना मिळाला. स्टारलिंकला तो जून २०२५ मध्ये मिळाला आणि जुलैमध्ये ‘इन-स्पेस’ या नियामक संस्थेने पाच वर्षांची मंजुरी दिली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत महाराष्ट्र शासनाने या कंपनीबरोबर इरादापत्रावर स्वाक्षरी केली. असे पाऊल उचलणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. शासकीय संस्था, ग्रामीण वस्त्या व महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा यांना उपग्रहाचे इंटरनेट देण्याचा हेतू त्यात नमूद असून गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे घेतली आहेत.

ही चार नावे एकत्र वाचली की ओळखीची वाटतात. २०१८ मध्ये केंद्राने देशातील मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित जिल्हे’ म्हणून निवड केली, त्यांत महाराष्ट्रातील हेच चार होते. म्हणजे इंटरनेट कोठे तुटते याच्या पाहणीतून ही यादी निघाली असावी असे दिसत नाही. तयार यादी हाताशी होती. त्या यादीत जालना नाही. राज्याच्या २००२ मधील मानव विकास अहवालात तळाच्या जिल्ह्यांमध्ये मोडलेला हा जिल्हा आता पुरेसा मागास नाही आणि पुरेसा पुढारलेलाही नाही. गडचिरोलीत २०११ साली दर चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसे होती, जालन्यात अडीचशेहून अधिक. दाट लोकवस्तीमुळे दूरसंचार कंपन्यांना जालन्यात थोडाफार व्यवसाय दिसतो. म्हणून ‘सेवा आहे’ असे गृहीत धरले जाते, आणि त्या गृहीतकाआड तांडे आणि शेतवस्त्या झाकून जातात.

भारतनेटनेही उपग्रहाचा मार्ग वर्ज्य मानलेला नाही. फायबर नेणे अशक्य अशा देशभरातील सुमारे पाच हजार ग्रामपंचायती उपग्रहाने जोडण्याचे काम त्यात समाविष्ट होते. परंतु त्या प्रामुख्याने ईशान्येकडील, डोंगराळ आणि बेटांवरील. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतून स्पेस-एक्सच्या अग्निबाणाने नेलेल्या जीसॅट-एन२ या उपग्रहाची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे. त्याच्या ३२ झोतांपैकी आठ अरुंद झोत ईशान्येसाठी आहेत आणि उरलेले २४ रुंद झोत बाकीच्या देशासाठी. जालना त्या ‘बाकीच्या देशात’ येतो.

हिशेब

क्षमतेचा प्रश्न जाहिरातींत नेहमी मागे राहतो. स्टारलिंकच्या पहिल्या पिढीच्या ताफ्यातून भारतावर सेकंदाला सुमारे ६०० गिगाबिट इतकी माहिती उतरू शकते, असे मंजुरीच्या वेळी सांगण्यात आले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी कंपनीला देशात २० लाख जोडण्यांपर्यंतच जाता येईल असे म्हटले. सर्वांनी एकाच वेळी वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ०.३ मेगाबिट येते. अर्थात सारे एकदम वापरीत नाहीत. विसांतील एकच जण वापरीत असेल तर तोच वाटा सहा मेगाबिटांवर जातो. चित्रफितीसाठी एवढे पुरे आहे. पण नव्वद कोटींहून अधिक ब्रॉडबँड ग्राहकांच्या देशात २० लाख म्हणजे किती, हे ध्यानात घेतले की घराघरावर छत्री हे चित्र गळून पडते. शिवाय ही क्षमता एका भागातून दुसऱ्या भागात हवी तशी वळविता येत नाही. विरळ वस्तीत उपग्रह उदार असतो, दाट वस्तीत कंजूष.

किमतीचा अंदाज शेजारी भूतानवरून बांधता येतो, कारण तेथील चलनाचे मूल्य रुपयाइतकेच आहे. २०२५ च्या आरंभी तेथे स्टारलिंक सुरू झाले तेव्हा मासिक दर साध्या जोडणीला ३ हजार आणि नेहमीच्या जोडणीला ४ हजार २०० होता. छत्रीची किंमत वेगळी. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे सर्वांत स्वस्त जोडणीचा एक महिना हा मजुराच्या जवळपास दहा दिवसांच्या कमाईएवढा. फायबर जेथे आहे तेथे घरगुती जोडणी चार-पाचशे रुपयांत मिळते. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने मे २०२५ मधील शिफारशींत या कंपन्यांकडून महसुलाच्या चार टक्के ध्वनिलहरी शुल्क आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा घ्यावेत असे सुचविले. ग्रामीण भागाला झुकते माप देण्याचा तो प्रयत्न होता. पण जादा आकार शहरी ग्राहकावर बसविल्याने खेड्यातला दर आपोआप खाली येत नाही.

वैयक्तिक ग्राहक म्हणून जालन्यातील शेतकऱ्याने या सेवेकडे पाहण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. कडवंचीसारख्या गावातला एखादा मोठा द्राक्ष बागायतदार हवामानाची सूचना वेळेवर मिळावी म्हणून छत्री बसवीलही. जालन्याच्या रेशीम कोष बाजारातले भाव रोज पाहणाऱ्या, शेतवस्तीवर कीटकगृह असलेल्या पाच-सहा शेतकऱ्यांना मिळून ती परवडेलही. सर्वसामान्यांसाठी विचार करावयाचा तो सामाईक छत्रीचाच.

सामाईक छत्री याचा अर्थ प्राथमिक आरोग्य उपकेंद्र, जिल्हा परिषदेची शाळा, तांड्यावरचे समाजमंदिर, रास्त भाव दुकान अशा ठिकाणी एक छत्री आणि तिच्याभोवती वाय-फायचे छोटे कोंडाळे. भूतानचा वरचा दर धरला तरी एका ठिकाणचा वार्षिक खर्च ५० हजार ४०० रुपये होतो, म्हणजे शंभर ठिकाणांचा सुमारे ५० लाख. छत्र्यांची खरेदी आणि व्यावसायिक जोडणीचा चढा दर धरल्यास अधिक. शेकडो कोटींच्या जिल्हा वार्षिक आराखड्यात ही रक्कम अवघड नाही. अवघड आहे ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ती भरत राहणे. यंत्र घेण्यास शासकीय निधी सहज मिळतो, चालविण्यास मिळत नाही. वीजबिल थकल्याने जिल्हा परिषदेच्या शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या राज्याला नव्या नाहीत. अशा शाळेच्या छपरावर छत्री बसवून उपयोग काय? स्टारलिंकची नेहमीची छत्री ७५ ते १०० वॉट, म्हणजे छताच्या जुन्या पंख्याएवढी किंवा थोडी अधिक वीज घेते. भारनियमनाच्या काळात ती चालू ठेवावयाची तर दोन सौरपाट्या आणि एक बॅटरी हा छत्रीचाच भाग समजून विकत घ्यावा लागेल.

छत्रीचा आणखी एक उपयोग कमी बोलला जातो. ती थेट लोकांना न देता मोबाइल मनोऱ्याच्या पायथ्याशी बसविता येते. मनोऱ्यापासून मुख्य जाळ्यापर्यंतचा रस्ता तुटला किंवा अरुंद असला तर उपग्रह तेवढा दुवा सांधतो आणि गावकऱ्यांच्या हातातले जुनेच फोन चालू लागतात. कोणालाही नवे यंत्र घ्यावे लागत नाही. डोंगरउतारावरील भोकरदन-जाफराबादच्या वस्त्यांसाठी घराघरांवरच्या छत्र्यांपेक्षा हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरावा.

पुराच्या दिवसांत

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांची दाणादाण उडाली. जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटल्याने गोदावरीला पूर आला आणि काठावरील गावांवर स्थलांतराची वेळ आली. अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांची दक्षिण सीमा म्हणजे हीच नदी. अशा वेळी जमिनीवरची तार आणि मनोरा दोन्ही निकामी होतात. उपग्रह मात्र पाण्याखाली जात नाही. सौरपाटी, बॅटरी आणि छत्री एका पेटीत घालून तहसील कार्यालयात ठेवली तर ती ट्रॅक्टरवर टाकून काही तासांत शाळेतल्या निवारा केंद्रापर्यंत नेता येते. किती माणसे आली, औषध कोणते संपले, कोणत्या वस्तीत कोण अडकले, हे सांगण्यास तेवढी एक जोडणी पुरते.

उपग्रहाचे इंटरनेट सरकारी बंदीतून सुटेल, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट काही तास बंद ठेवण्यात आले, तेव्हा आंदोलनाशी संबंध नसलेल्यांचेही व्यवहार अडले होते. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने उपग्रह कंपन्यांना घातलेल्या सुरक्षा अटींनुसार एखाद्या भागापुरती सेवा रोखण्याची व्यवस्था त्यांनाही ठेवावी लागते.

जालन्याच्या नशिबी सध्या दोन वाटा आहेत. एक, भारतनेटचे नवे कडे पुरे होण्याची वाट पाहणे. दुसरी, चार जिल्ह्यांच्या यादीत नाव नाही म्हणून न थांबता, आपल्या तुटलेल्या जागांची यादी आपणच करणे: कोणत्या उपकेंद्रात आठवड्यातून किती दिवस जोडणी नसते, कोणत्या तांड्यावरचे लोक अंगठ्यासाठी दुसऱ्या गावी जातात, कोणत्या शाळेत वीज आहे पण तार नाही. हे काम ग्रामसेवक, आशा आणि रास्त भाव दुकानदार यांच्याकडून महिनाभरात होऊ शकते आणि त्याला उपग्रह लागत नाही. त्या यादीत पन्नास नावे निघोत की तीनशे, कोठे फायबर दुरुस्त करून भागेल आणि कोठे छत्रीच हवी हे तिच्यावरूनच ठरेल. शिवाय छत्री बसल्यावर तिच्या खोलीची किल्ली कोणाजवळ राहणार, हे नावानिशी त्याच कागदावर लिहिलेले असावे.